बुर्जी झालेला डाव

आमच्या घरी बुद्धिबळाचा पट सोप्यात टांगलेला असे. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून आईनं तो शिवला होता, आणि धुऊन धुऊन त्याची लाल घरं विटकरी झाली होती. संध्याकाळी म्हशींच्या धारा निघाल्या, की आबा घोंगडं अंथरत, पट उतरवत आणि आम्हां दोघा भावांना समोरासमोर बसवत. खेळायचो आम्ही, पण लढाई त्यांची असायची. तोंडानं एक अक्षर बोलायचे नाहीत. वाईट खेळी झाली की नुसती नाकातून हवा सोडायचे, आणि तेवढ्यानं मी पुढची खेळी विसरायचो. आत चुलीपाशी आईचं भाकरी थापणं चालू असे. गुऱ्हाळाचे दिवस असले तर मळ्याकडून चरकाची करकर ऐकू यायची आणि उकळत्या रसाचा वास घरभर पसरायचा. "लढाई आटपा आता, पिठलं निवलं," असं आई दोनतीनदा ओरडायची, पण डाव पुरा झाल्याशिवाय आबा कुणाला उठू देत नसत. निवलेल्या पिठल्याच्या वड्या पडतात, त्या मोडून भाकरीशी खायच्या. माझ्या लहानपणाची निम्मी जेवणं मी तशीच जेवलो आहे, आणि आजही मला पिठलं गरम असलं की चव लागत नाही.

आबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला होते. पुढं सुभेदार होऊन पेन्शनीवर घरी आले. साताऱ्याजवळच्या आमच्या त्या कृष्णाकाठच्या गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, बायाबापड्यांपासून पाटलापर्यंत सगळे सुभेदारच म्हणत. बुद्धिबळ ते तिकडे छावणीत एका म्हाताऱ्या हवालदाराकडून शिकले आणि खेळाबरोबर त्या हवालदाराचे कायदेही घरी घेऊन आले. पहिला कायदा असा, की वजिरानं किंवा हत्तीनं केलेली मात ही मातच नव्हे. "वजीर काय, कुनाचाबी मारतो," ते म्हणायचे. "साध्या शिपायानं राजा धरला तर खरं." म्हणजे प्यादेमात. प्याद्यानं मात करणं सगळीकडेच मानाचं समजत, पण आमच्या घरात दुसरी कुठली मात धरतच नसत. मी एकदा हत्तीनं सरळ मात केली, तर आबांनी मोहरी गोळा करून डब्यात टाकली आणि जेवायला उठले.

दुसरा कायदा बुर्जीचा. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नसणार. आमच्या देशी बुद्धिबळात समोरच्याची सगळी मोहरी मारली जाऊन नुसता राजा उरला, की डाव तिथंच थांबायचा. त्याला बुर्जी म्हणत. एकट्या राजाचा पाठलाग करायचा नाही, डाव बरोबरीत सुटला असं धरायचं. मध्यंतरी मी हे माझ्या नातीला सांगितलं. ती घड्याळ लावून, आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळते. "एकट्याला सोडून द्यायचं? मग जिंकायचं कधी?" असं म्हणून ती हसली. आबांचंही तेच मत होतं, फक्त ते हसत नसत. "समदी फौज हातात आसताना एकटा राजा धरता आला न्हाई, मंग हरलं कोन?" असं ते विचारत. म्हणून आमच्या घरात बुर्जी झाली, की ज्याच्याकडे मोहरी शिल्लक असतील तो हरला. आणि नुसतं हरून भागत नसे. त्यानं उठायचं, टाचा जुळवायच्या आणि समोरच्या त्या उघड्या राजाला कडक सलाम ठोकायचा.

माझा थोरला भाऊ यशवंता, घरचा येसू, माझ्याहून दीड वर्षानं मोठा. विषमज्वरात त्याचं एक वर्ष बुडालं, म्हणून आम्ही दोघं एकाच वर्गात आलो होतो. रोज पहाटे भाकरी बांधून साताऱ्याच्या हायस्कूलला चालत जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. वाटेत कुणाचं जनावर लंगडताना दिसलं की यशवंता थांबायचाच. खूर उचलून बघायचा, काटा काढायचा, आणि मग शाळेत उशीर झाल्याबद्दल छड्या खायचा. त्याला गुरांचा डॉक्टर व्हायचं होतं. तसं शिक्षण मुंबईत मिळतं, एवढंच त्याला कुणाकडून तरी कळलं होतं, आणि तेवढ्यावर त्यानं सगळं ठरवून टाकलं होतं. बुद्धिबळात तो माझ्या कितीतरी पुढं होता. मला वजीर देऊन, म्हणजे आपला वजीर आधीच काढून ठेवून, खेळायचा आणि तरी जिंकायचा. अगदीच हरायची वेळ आली, की उरलेलं शेवटचं मोहरं माझ्या राजापुढं असं आणून टाकायचा की मला ते मारावंच लागे. बुर्जी व्हायची आणि सलाम मी ठोकायचा. "टाचा जुळल्या न्हाईत, बाळ्या. पुन्यांदा," असं म्हणून तो मला परत उभं करायचा आणि पोट धरून हसायचा. ती युक्ती मी त्याच्याकडूनच शिकलो.

मॅट्रिकच्या वर्षी आमचे गणिताचे गोडबोले मास्तर घरी आले. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. रॉकेलला रांगा लागत होत्या, साखर दिसेनाशी झाली होती, आणि भरतीवाले साताऱ्यात ठाण मांडून बसले होते. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत असायचाच. ज्या घरात दोन मुलगे, त्या घरातला एक सरकारचा, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आबा फौजेत गेले तेव्हा त्यांचे भाऊ शेतीला राहिले होते. मास्तरांना हे ठाऊक होतं. ते म्हणाले, "सुभेदार, दोन्ही मुलं हुशार आहेत. दोघांनाही शिकू द्या."

"मास्तर, एक तुमचा, एक सरकारचा," आबा म्हणाले.

आत पितळी आपटल्याचा आवाज आला आणि आई दारात येऊन उभी राहिली. परक्या माणसापुढं ती सहसा येत नसे. "आवं, पोरं हायती का जोंधळ्याची पोती, वाटून द्यायला?" ती म्हणाली. "आन्‌ कुठला देनार? सांगा की. माज्या तोंडावर सांगा."

आबांना ते सांगता आलं नाही. आता मला वाटतं, खरोखरच त्यांना निवड करवत नव्हती आणि तसं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. विषय बदलावा म्हणून मास्तरांनी सांगलीच्या स्पर्धेचं काढलं. तिथल्या एका शाळेत हायस्कूलच्या मुलांचे बुद्धिबळाचे सामने होते, आसपासच्या सगळ्या गावांतून मुलं येणार होती, आणि आमच्या शाळेतर्फे आम्हां दोघांना पाठवावं असं त्यांच्या मनात होतं. आबांनी ते ऐकून घेतलं आणि सुटका झाल्यासारखे म्हणाले, "झ्याक. सांगलीत ठरंल. जो आधी हरंल त्यो भरती व्हईल. दुसरा शिकंल." यशवंता माझ्याकडे बघून हसला. त्याला हरायची भीती नव्हती. मला होती, आणि फौजेची त्याहून जास्त होती. त्या दिवसापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं.

सातारा रोडला गाडी धरून मिरजेला आणि तिथून सांगलीला आम्ही चौघं गेलो. आबा, मास्तर आणि आम्ही दोघं. आईनं धपाटे आणि लसणाची चटणी बांधून दिली होती. गाडीत खाकी कपड्यांतली पोरं दाटीवाटीनं बसली होती. त्यांतला एक खिडकीतून हात बाहेर काढून गाणं म्हणत होता, आणि आबा त्याच्याकडे एकटक बघत होते. आम्ही घाटाजवळच्या एका धर्मशाळेत उतरलो. सांगलीच्या पेठेत सगळीकडे हळदीचा वास येत होता. कपड्यांना, पाण्याला, सकाळच्या चहालासुद्धा तो वास होता. घरी परतल्यावर आईनं आमचे सदरे धुतले तरी तो गेला नाही.

सामने शाळेच्या प्रार्थनेच्या दालनात होते. बाकं भिंतीला सरकवून सतरंज्या घातल्या होत्या, आणि सतरंजीवर पट. नियम देशीच होते, पण दर डावाला एक पंच होता. मोठ्यांनी मागं उभं राहून बघायचं, बोलायचं नाही. पहिल्या फेरीत माझी गाठ सांगलीच्या एका वकिलाच्या मुलाशी पडली. तो मोठ्या रुबाबात शेरवानी घालून आला होता, आणि माझ्या अनवाणी पायांकडे बघून त्यानं पट जरासा आपल्याकडे ओढून घेतला. पण तो इतक्या घाईनं खेळला, की त्याचा वजीर माझ्या उंटाच्या तोंडात आला तरी त्याला पत्ता नव्हता. मी जिंकलो, आणि माझा माझ्यावरच विश्वास बसेना. दुसऱ्या फेरीत कवठे महांकाळकडचा एक शांत मुलगा समोर आला. जिंकत आलेला डाव त्यानं एका खेळीत घालवला, आणि उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. मीही हरलो असतो तर असाच उभा राहिलो असतो, एवढंच तेव्हा मनात आलं.

सगळ्यांचं लक्ष मात्र यशवंताकडे होतं. मिरजेच्या एका सतार बनवणाऱ्याचा मुलगा त्याच्यासमोर होता. घरून आणलेली त्याची मोहरी बापानं स्वतः कातून, लाख चढवून केलेली, बघत राहावीत अशी होती. स्पर्धा तोच जिंकणार असं सांगलीकर बोलत होते. यशवंतानं त्याला पटाच्या कोपऱ्यात नेऊन प्यादेमात दिली. सबंध दालनात "वाहवा" झाली, आणि बंदी असूनही एक म्हातारे पंच उठून यशवंताची पाठ थोपटून गेले. मी आबांकडे बघितलं. ते हसले नव्हते, पण त्यांनी मिशीवरून हात फिरवला. यशवंतानंही ते पाहिलं. त्याचा चेहरा असा उजळला, की आजही तो चेहरा आठवायचा म्हटलं की मला तोच आठवतो.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेत चौघेच उरले. टोपीत चिठ्ठ्या टाकून जोड्या काढल्या, आणि चिठ्ठी उलगडून पंचांनी आमची दोघांची नावं एकापाठोपाठ वाचली. लोकांना गंमत वाटली. "भाऊभाऊ! आता बघा मजा!" कुणीतरी म्हणालं. मास्तर धावत पंचांकडे गेले आणि जोडी बदला म्हणून विनवू लागले, पण चिठ्ठी बदलायची कशी? आबा एका खांबाला टेकून उभे होते. ते जागचे हलले नाहीत.

त्या डावाचं फार काही सांगण्यासारखं नाही. मी पहिल्यापासून हरत होतो. यशवंता शांतपणे एकेक मोहरं खात गेला. हत्ती गेले, वजीर गेला, प्यादी गेली. शेवटी माझ्याकडे राजा आणि एक घोडा उरला. त्याच्याकडे वजीर होता, दोन हत्ती होते, प्यादी होती. आणि मग मला दिसलं, की त्याला वजिरानं सरळ मात आहे. पुढचीच खेळी. मी मान खाली घालून वाट बघू लागलो. त्यालाही मात दिसली होती. त्याची बोटं वजिरावर गेली. मग त्यानं मान वर करून खांबाकडे पाहिलं, बोटं काढून घेतली आणि एक प्यादं पुढं सरकवलं.

मागं उभे असलेले लोक चुळबुळले. पुढच्या खेळीला पुन्हा मात होती, पुन्हा त्यानं ती सोडली. माझा घोडा तो मुद्दाम मारत नव्हता, कारण घोडा मारला की बुर्जी झाली. मला जिवंत ठेवून, प्याद्यांच्या जाळ्यात धरून, आबांच्या समोर त्याला शिपायानं राजा पकडायचा होता. त्यासाठी त्यानं आपला राजाही पुढं आणला आणि आपल्याच प्याद्या-हत्तींच्या दाटीत उभा केला. राजाला चहूबाजूंनी आपलीच माणसं, पाय ठेवायला घर नाही. ते मला दिसलं. मी घोडा उचलून त्याच्या राजाला शह दिला. राजा हलू शकत नव्हता. घोडा मारण्याखेरीज दुसरी खेळीच नव्हती, आणि मारू शकत होता फक्त वजीर. यशवंता पटाकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "लेका, माजंच मला दिलंस," आणि त्यानं घोडा मारला. माझा राजा एकटा उरला. त्या क्षणी मला आनंद झाला. वाचल्याचा आनंद, दुसरं काही नाही.

"बुर्जी!" पंचांनी जाहीर केलं. "डाव बरोबरीत. उद्या सकाळी दुसरा डाव." लोक बोलायला लागले, मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात यशवंता उठला. त्यानं टाचा जुळवल्या आणि माझ्या राजाला सलाम ठोकला. सगळं दालन हसलं. पोरगा काय विनोदी आहे, असं त्यांना वाटलं. आबा, यशवंता आणि मी, आम्ही तिघं हसलो नाही.

बाहेर पडल्यावर शाळेच्या पायऱ्यांवर आबा म्हणाले, "ठरलं. येसू भरती व्हईल."

मास्तर रडकुंडीला आले. "सुभेदार, असं काय करता? पंचांनी बरोबरी दिली आहे. उद्या डाव आहे. आणि त्याची मात होती हो, सगळ्यांनी पाहिली!"

"पंचाचा न्याय पंचापाशी. आमच्या घरात बुर्जी म्हंजी हार. फौज आसून राजा धरला न्हाई."

"अहो, पण तुमच्यासाठीच त्यानं..." मास्तर बोलता बोलता थांबले.

यशवंता मध्ये पडला. "ऱ्हाऊ द्या, सर," तो म्हणाला. "बाळ्याला मी किती येळा सलाम ठोकायला लावलाय. आता माज्यावर आलं तर न्हाई कसं म्हनू?" तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. आबांकडे न बघता तो म्हणाला, "वजिरानं मारला आसता, आबा, तर तुमी काय म्हनला आसता?" आबा पुढं चालू लागले आणि आम्ही त्यांच्या मागं निघालो. दुसऱ्या सकाळी यशवंता पटावर बसलाच नाही. पंचांनी मला न खेळताच पुढं चाल दिली, आणि अखेरच्या फेरीत दुसऱ्या कुणा मुलानं मला चटकन हरवलं. त्याचं नावही माझ्या लक्षात नाही.

घरी आलो तेव्हा आई उंबऱ्यातच उभी होती. आबांनी पटका उतरवून एवढंच सांगितलं, "येसू हरला." आम्ही दोघंही मूग गिळून बसलो. आईनं पदर तोंडाशी नेला, मग आत जाऊन चूल फुंकू लागली. त्या दिवशी तिनं यशवंताच्या ताटात सायीचं दही वाढलं आणि त्याच्या शेजारी बसून राहिली. पुढं त्याचं जायचं ठरलं, तो बेळगावला गेला, तिथून कुठं कुठं गेला, तरी ती आबांना कधी काही बोलली नाही. शेजारणींना म्हणायची, "खेळ हाय, बाई. कुनीतरी हरनारच. माज्या येसूच्या नशिबात ते व्हतं." मी ते ऐकायचो आणि पुस्तकात डोकं घालायचो. आबांनी सोप्यातला पट काढून कुठं ठेवला ते आम्हांला कळलं नाही. त्यानंतर आमच्या घरात कुणी डाव मांडला नाही.

मी मॅट्रिक होऊन कॉलेजसाठी बाहेरगावी राहायला गेलो. ब्रह्मदेशातून यशवंता गेल्याची तार आली तेव्हा मी सुट्टीला घरी होतो. पाटलांनी ती स्वतः आणून आबांच्या हातात दिली. आबांनी वाचली, घडी केली आणि पाटलांना बसायला पाट दिला. आईनं फोडलेला हंबरडा संध्याकाळपर्यंत थांबला नाही. मग गावातल्या बाया आल्या, नातेवाईक आले, दुखवट्याचे दिवस निघाले, आणि घर हळूहळू रिकामं झालं. दहन नाही की राख नाही, नदीवर घेऊन जायला काही नाही. तो भरतीला गेला तेव्हा त्याच्या हातावरची म्हैस पुष्कळ दिवस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नव्हती, ते मात्र सारखं आठवायचं.

माझी कॉलेजला परत जायची वेळ झाली. आदल्या दुपारी आई माजघरात बसून माझ्याबरोबर द्यायचे तांदूळ पाखडत होती. मी ट्रंक भरत होतो. सूप थांबवून तिनं विचारलं, "बाळू, एक इचारू? खरं सांगशील?"

"इचार."

"येसू लय भारी खेळायचा म्हनत्यात समदी. तुला वजीर देऊन खेळायचा. मंग त्या दिशी त्यो हरला कसा?"

मी ट्रंकेत सदरे रचत राहिलो. शेवटी मी म्हणालो, "त्यो हरला न्हाई, आई. डाव बरोबरीत सुटला व्हता. पंचांनी दुसऱ्या दिशी परत खेळा म्हनून सांगितलं व्हतं."

"मंग?"

"आबा न्हाई म्हनालं."

आईनं सूप खाली ठेवलं. मग अगदी सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "म्हंजी माजा येसू हरलाच न्हवता."

आबा पलीकडे सोप्यात कासरा वळत बसले होते. मधली भिंत कुडाची, शब्दन्‌शब्द पलीकडे जात होता. कासरा खाली पडल्याचा आवाज आला. आबा उठले आणि पटका न बांधता, बोडक्या डोक्यानं दाराबाहेर पडून मळ्याच्या वाटेला लागले. सुभेदारांना तसं गावानं कधी पाहिलं नव्हतं. पारावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. आईनंही दारातून ते पाहिलं. तिनं त्यांना हाक मारली नाही, खाली बसून तांदळातले खडे वेचू लागली.